नळीमागची बॅटरी

“आलं! पप्पा, आलं, आलं, सोडा!”

मी हे इतक्या जोरात ओरडायचे की शेजारच्या अक्काताईंच्या कोंबड्या फडफडत कुंपणावर चढायच्या. पप्पा नळी तोंडातून झटकन काढायचे, टोकावर अंगठा दाबायचे आणि ते टोक खाली ठेवलेल्या कॅनमध्ये सोडायचे. कॅनमधून भुळूभुळू आवाज यायला लागला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून दात काढायचो. मोठी चोरी साधल्यासारखे.

आमचा धंदा मंडप आणि साउंडचा. ‘स्वरांजली मंडप अँड साउंड’. माझंही नाव स्वरांजली. आधी मी का आधी साउंड, असं कुणी विचारलं की पप्पा म्हणायचे, “दोन्ही एकाच वर्षी आली. आवाजात पोरगी जिंकली.” आमच्या गावात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि लग्नात ती नेमकी अक्षता पडताना जाते. म्हणून जनरेटर. जनरेटरला डिझेल. पंप तालुक्याच्या गावी, म्हणून मागच्या पडवीत दगडी कट्ट्यावर डिझेलचं बॅरल कायम. आणि त्या बॅरलपासून हात लांब केला तर पोचेल अशी, अंघोळीच्या पाण्याची चूल.

“एक दिवस ह्या घराचं विमान होणार,” आई रोज एकदा तरी म्हणायची.

“अगं शालन, डिझेल हाय ते, पेट्रोल न्हवं. काडी टाकलीस तर काडी विझतीय.”

“टाकून बघू?”

“नको.”

नळी कधीकाळी पांढरी, आरपार दिसणारी होती म्हणे. मला आठवते ती पिवळीजर्द, मळकट. पप्पा वाकून तोंडानं ओढायला लागले की डिझेल कुठवर आलंय हे त्यांना दिसायचं नाही. म्हणून मी नळीमागे बॅटरी धरायची. उजेडात डिझेलची सावली थर्मामीटरमधल्या पाऱ्यासारखी सरकताना दिसायची. पप्पांच्या ओठांपासून वीतभर लांब असताना ओरडायचं. लवकर ओरडलं तर ओढ तुटायची आणि पहिल्यापासून सुरुवात. उशीर झाला तर घोट पप्पांच्या तोंडात.

उशीर मी एकदाच केला होता. कोंबडीकडे बघत होते. पप्पा थू थू करत सगळ्या पडवीभर नाचले, चूळ भरली, गूळ चघळला आणि शेवटी आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “तुझ्या आयच्या चहापेक्षा बरं हाय की गं!”

हे वाक्य पुढे फार गाजलं. मीच गाजवलं.

सहावीपर्यंत मी शाळेत प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवायचे. सगळा आवाज पडवीत खर्च व्हायचा. मग शाळेच्या स्नेहसंमेलनाला आमचा साउंड लागला आणि पप्पांनी मला माइक तपासायला उभं केलं. मी म्हटलं, “हॅलो, हॅलो, पप्पा, मागचा डावा बॉक्स मुका आहे!” मराठीच्या कुंभोजकर मॅडम हातातली फुलांची परडी तशीच धरून वळल्या. “हा आवाज कुणाचा?”

झालं. सातवीत मॅडमनी मला वक्तृत्व स्पर्धेला घातलं. विषय होता ‘सुरक्षित घर’.

“सगळे गॅस सिलिंडरवर बोलणार,” मॅडम म्हणाल्या. “तू तुझं घर सांग. ऐकणाऱ्याला तुझ्या घरात गेल्यासारखं वाटलं पाहिजे.”

मग काय! माझ्या अंगात वारंच शिरलं. बॅरल, चूल, डिझेल भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, नळी, सगळं घातलं. मॅडमनी प्रथमोपचाराचं एक छोटं पुस्तक आणून दिलं, त्यातलंही घातलं. प्रयोगशाळेत सराव चालायचा. मॅडम टेबलावर घंटी घेऊन बसायच्या आणि माझा समारोप यायच्या आत घंटी वाजायची. रोज वाजायची.

“मॅडम, काहीतरी गाळायला लागणार.”

“दोन जागा आहेत. एक ती पप्पांची नक्कल, चहावाली. दुसरं नकलेनंतरचं प्रथमोपचाराचं. दोन्ही बसत नाहीत. एक ठेव.”

“कुठलं ठेवू?”

“भाषण कुणाचं आहे? तूच ठरव.”

मी मधल्या सुट्टीत मैत्रिणींपुढे दोन्ही करून दाखवलं. नकलेला त्या बाकांवर आडव्या झाल्या. प्रथमोपचार सुरू केला तर एकीनं विचारलं, “डबा खायचा का आता?”

मला ठरवायला फार वेळ लागला नाही.

शाळेतल्या स्पर्धेला साउंड अर्थातच आमचा. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मिक्सरजवळ खुर्चीवर. आई बायकांमध्ये पुढच्या सतरंजीवर, पदर सावरत, मांडीवर पर्स घेऊन. मी स्टेजवर गेले, माइक तोंडाजवळ ओढला, आणि ती सगळी डोकी माझ्याकडे वळलेली बघून मला जे काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही. वाटलं, ही सगळी माणसं मी उचलू शकते.

“आमच्या पडवीत,” मी म्हटलं, “एका बाजूला पेटती चूल, दुसऱ्या बाजूला डिझेलचं बॅरल, आणि मध्ये टॉवेल गुंडाळून माझे पप्पा. यातलं सगळ्यात आधी कोण भडकतं, सांगा!”

“पप्पा!” मागून पोरं ओरडली.

मग नक्कल. मी वाकले, नसलेली नळी तोंडात धरली, गाल आत ओढले, डोळे बाहेर काढले. थू थू करत स्टेजभर नाचले. आणि कंबरेवर हात ठेवून, पप्पांच्या आवाजात, “तुझ्या आयच्या चहापेक्षा बरं हाय की गं!”

पत्रे उडतील असा हशा झाला. बायका आईला ढोसायला लागल्या. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी मिक्सरकडे बघितलं. पप्पा हसता हसता मान हलवत होते आणि त्यांच्या उजव्या हातानं माझा आवाज वाढवत होते. स्वतःचीच चेष्टा सगळ्यांना नीट ऐकू जावी म्हणून.

शेवट मी असा केला: “आजपासून मी त्या नळीमागे बॅटरी धरणार नाही! तुम्हीही धरू नका!”

पहिला नंबर. तालुक्याला निवड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती बॅरल घरंगळल्याच्या आवाजानं. पप्पा आणि अक्काताईंचे मालक बॅरल मागच्या मोकळ्या गोठ्यात नेत होते.

“पप्पा, हे काय?”

“तूच म्हणालीस न्हवं, आगीपासून लांब? सावलीत, वारं खेळतंय तिथं? मग गोठ्याएवढं वारं कुठं खेळतंय?”

आईनं फळीवरच्या पाण्याच्या बाटल्या काढल्या. दोन-तीन बाटल्यांत जनरेटरसाठी म्हणून थोडं थोडं डिझेल भरून ठेवलेलं असायचं. “पाण्याच्या बाटलीत ठेवायचं नाही, लेकरू चुकून पिईल, असं तू म्हणालीस.” तिनं ते कॅनमध्ये ओतलं आणि बाटल्या ठेचून टाकल्या. गोठ्याच्या दारात वाळूची बादली आली. सांडलं तर पाणी नाही, वाळू टाकायची, हेही मीच म्हटलेलं. कॅनला घट्ट झाकणं आली. पप्पा गोठ्याच्या बाहेर बिडी टाकून मगच आत जायचे आणि जाताना मला हाक मारून दाखवायचे, “टाकली गं, स्वरे!”

आमच्या घरात कायदा झाला होता माझं भाषण. मला तर चालतानाही जमिनीला पाय लागत नव्हते.

राहिली नळी.

“हातपंप मिळतोय बॅरलचा,” पप्पा म्हणाले. “सांगलीला गेलो की आणतो. तवर चालवतो हे.”

संध्याकाळी मी नेहमीसारखी बॅटरी घेऊन गोठ्यात गेले. पप्पांनी नळी बॅरलमध्ये सोडली होती. मला बघून हात आडवा केला.

“तू न्हाई.”

“का?”

“गावापुढं शब्द दिलायस. धरणार न्हाई म्हणालीस.”

“अहो पप्पा, ते भाषण होतं!”

“म्हणजे खोटं बोललीस?”

पप्पा चिडले नव्हते. उलट डोळ्यांत चमक होती, नवा स्पीकर आणल्यावर असायची तशी. “जा, तालुक्याची तयारी कर. मला अंदाज हाय. इतकी वर्षं ओढतोय.”

मी गेले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. गोठ्यात डास फार होते.

तालुक्याच्या स्पर्धेच्या दिवशी नेमकी पप्पांची लग्नाची ऑर्डर. सकाळी ते टेम्पोत पाइप भरत होते. मी मॅडमच्या स्कूटरवर मागे बसले. पप्पांनी दोन बोटं तोंडात घालून त्यांची ती शिट्टी मारली. जनरेटर सुरू करताना मारायचे तीच, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला वायरमनला ऐकू जाणारी.

“आल्यावर सगळं करून दाखवायचं!” ते ओरडले. “चहासकट!”

तिथला हॉल मोठा, साउंड परका. आवाज वाढवणारा हात ओळखीचा नव्हता. पण हशा तोच. खरंतर जास्तच, कारण तिथे पप्पांना कुणी ओळखत नव्हतं. तिथे मला काही मजा आली नाही, असं म्हणायला आता बरं वाटेल. पण तसं झालं नाही. मला फार फार मजा आली.

कप मिळाला. दोन कानांचा, सोनेरी. हॉलबाहेर वडापाव खाताना मॅडमचा फोन वाजला. मॅडम “हो... हो... कुठल्या?” एवढंच बोलल्या. मग वडापाव कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मला ते विचित्र वाटलं, कारण वडापावच्या तेलानं पर्स खराब होणार होती.

“चल स्वरा. पप्पांना इथेच आणलंय. मागच्या रस्त्यालाच दवाखाना आहे.”

म्हणजे मी स्टेजवर नसलेली नळी तोंडात धरून डोळे फिरवत होते तेव्हा पप्पा तिथून हाकेच्या अंतरावर झोपले होते.

आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. अक्काताई तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. डॉक्टर तरुण होते, हातात पप्पांच्या छातीचा एक्सरे होता.

“नेमकं काय झालं, परत एकदा सांगा ताई.”

“लग्नाला न्यायला डिझेल काढत होते. एकटेच. तोंडात गेलं, घोटभर पोटातही गेलं. खोकत आत आले, म्हणाले, ‘आज जरा जास्तच चहा झाला.’ हसत होते.”

“श्वास ठीक होता तेव्हा?”

“व्हय की. बोलत होते.” मग आई जरा ताठ बसली. कुणीतरी आपल्याला शाबासकी देणार आहे, अशी. “मी वेळ घालवला न्हाई डॉक्टर. लगेच मीठ-पाणी केलं. पाजलं. पुन्हा पाजलं. बोटं घालायला लावली. सगळं बाहेर काढलं. एक थेंब आत ठेवला न्हाई.”

डॉक्टरांनी एक्सरे खाली घेतला.

“आणि दम त्यानंतर लागला?”

“त्यानंतर.”

“ताई, तेच करायचं नव्हतं. पोटात होतं ते पोटात राहिलं असतं तर एवढं झालं नसतं. उलटी होताना ते छातीत उतरलं. फुप्फुसाला सूज आलीय.”

आईनं आधी अक्काताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“असं कुणी सांगितलंच न्हाई हो,” ती म्हणाली.

‘डिझेल पोटात गेल्यास रुग्णाला उलटी करायला लावू नका. बोटे घालू नका, मीठ-पाणी पाजू नका. तोंड धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.’ मला तोंडपाठ होतं. ‘लावू नका’वर हात वर करायचा, ‘ताबडतोब’वर आवाज चढवायचा, हेसुद्धा.

माझ्या हातात कप होता. तो मी फ्रॉकच्या मागे धरला.

पप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ते माझी वाट बघत असावेत, कारण मी आत गेल्या गेल्या त्यांनी मास्क वर सरकवला.

“हसली का माणसं?”

“अहो, लावा ते आधी!” आई म्हणाली.

“हसली का?”

“हो.”

“च... चहाला?”

“चहाला सगळ्यात जास्त.”

त्यांनी समाधानानं डोळे मिटले आणि मास्क परत नाकावर ओढला. काचेसारख्या त्या मास्कच्या आत त्यांच्या श्वासाचं धुकं येत होतं, जात होतं. मी ते बघत उभी राहिले. नळीमागे बॅटरी धरून बघायचे, तशी.

पप्पा वाचले. बऱ्याच दिवसांनी घरी आले. पण बॉक्स उचलायचं गेलं, जिना चढताना मध्ये बसायला लागतं, आणि शिट्टी गेली. दोन बोटं तोंडात घालतात, नुसती हवा येते. आता जनरेटर सुरू करायचा असला की ते वायरमनला लांबूनच बॅटरी हलवून दाखवतात. हातपंप आला, आईनं स्वतः सांगलीला जाऊन आणला. कप मिक्सरच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. प्रत्येक ऑर्डरच्या आधी पप्पा मिक्सर पुसतात तेव्हा तोही पुसतात.

आणि आई भाषण करायला लागली.

माझी आई, जी ग्रामसभेत मागच्या दाराशी बसायची. आता बारसं असो, डोहाळजेवण असो, बायका जमल्या की ती सांगतेच. ट्रॅक्टरवाल्यांच्या, टेम्पोवाल्यांच्या बायका तर हात धरून बसवते. ती हातवारे करत नाही, आवाज चढवत नाही. कुणी हसत नाही आणि कुणी डबाही काढत नाही.

मी आता दहावीत आहे. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर भरलं होतं. मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. आईनं एका नव्या सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या हाताला धरूनच म्हणाली, “तुमच्यात ट्रॅक्टर हाय न्हवं? मग एक ध्यानात ठेव बाई. कुणाच्या पोटात डिझेल गेलं तर उलटी करवायची न्हाई. मी करवली. माझ्या हातानं मीठ-पाणी पाजलं मी माझ्या माणसाला. मला कुणी सांगितलं न्हवतं, म्हणून मी सगळ्यांना सांगते.”

हे मी तीन वर्षं ऐकत होते. दर वेळी ताट हातात असायचं.

बायका गेल्या. उन्हं उतरली होती. आई जमिनीवर सांडलेलं हळदकुंकू ओल्या फडक्यानं टिपत होती.

“आई, मला माहीत होतं.”

“काय?”

“उलटीचं. पुस्तकात होतं. माझ्या भाषणात होतं. वेळेत बसेना म्हणून मी काढलं.”

आई फडकं फिरवत राहिली. एकाच जागी. फरशी केव्हाच स्वच्छ झाली होती.

“कुठल्या जागी होतं?” तिनं विचारलं.

“नकलेच्या नंतर. नक्कल ठेवली, ते काढलं.”

ती मागे टेकून बसली. हात दोन्ही पिवळे झालेले.

“मी पुढंच बसले होते त्या दिवशी,” ती म्हणाली. “शब्द न् शब्द ऐकत होते तुझा.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. किंवा जवळ घेईल. मी दोन्हीची तयारी केली होती. मला तयारीची सवय आहे. तिनं यातलं काहीच केलं नाही. दारात टेम्पो थांबल्याचा आवाज आला, तशी तिनं फडकं पिळलं.

“पप्पांना सांगायचं न्हाई.”

“आई, पण...”

“न्हाई म्हटलं ना. त्यांना त्यातली नक्कलच आवडलीय. ती राहू दे त्यांना.” ती उठली. “आणि मी बायकांना सांगते ते सांगणारच. पण आता ‘कुणी सांगितलं न्हवतं’ असं म्हणता यायचं न्हाई मला. एवढं एक नेलंस माझं.”

बाहेरून पप्पांनी बॅटरीचा झोत खिडकीवर दोनदा मारला. उद्याच्या ऑर्डरचं डिझेल काढायचं होतं.

“जा,” आई म्हणाली. “उजेड धर त्यांना.”

गोठ्यात पप्पा पंपाचा दांडा फिरवत होते. थोडं फिरवायचे, थांबायचे, दम घ्यायचे. मी त्यांच्या हातातून दांडा घ्यायला गेले तर त्यांनी मान हलवली आणि बॅटरी माझ्या हातात दिली. तीन वर्षांनी. पंपाची नळी नवी आहे, पांढरी, आरपार दिसणारी. तिच्यामागे बॅटरी धरायची काही गरज नसते. तरी मी धरली. डिझेल सावकाश वर चढत होतं.

“ओरड की,” पप्पा म्हणाले. “इसरलीस व्हय?”

“आलं,” मी म्हटलं.

“आगं, मोठ्यानं! तालुका गाजवलायस!”

मी तोंड उघडलं. “आलं, पप्पा.”

अक्काताईंच्या कोंबड्या कुंपणापाशी दाणे टिपत होत्या. एकीनंही मान वर केली नाही.